घरपोच सेवेचा व्हिडिओ, बाहेर नेण्यास मनाई

…आणि वर मलाच विचारतात, "गुरुवारी संध्याकाळी तुम्ही उपलब्ध आहात का?" उपलब्ध! म्हणजे बघा, अर्धं आयुष्य वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर बसून हा शब्द मी दुसऱ्यांना ऐकवला, 'उपलब्ध नाही', 'उपलब्ध झालं की कळवू', 'उपलब्ध आहे पण उंदरानं शेवटचं पान खाल्लंय', आणि आज तोच शब्द फिरून माझ्याच अंगावर यावा? पण मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो, मुळात मी कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे मला 'रेडिओ' म्हणतात ती निव्वळ थट्टा आहे, टकल्या माणसाला नाही का कुणी केशव म्हणत, तसं.

हे सगळं झालं त्या व्हिडिओपायी.

आमच्या वाचनालयाची एक पुस्तकगाडी आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, कुणाचा गुडघा, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं नुसतंच वय, त्यांच्या दारात पुस्तकं न्यायची आणि वाचून झालेली परत आणायची. घरपोच सेवा, तीही चकटफू. आता एवढी सोन्यासारखी सेवा, पण शहरात कुणाला पत्ता असेल तर शपथ. मोजून ओंजळभर वाचक. आणि गाडीवर आमचा ड्रायव्हरदादा, तो गाडी अशी चालवतो की आतल्या पुस्तकाचं पान हलू नये. वळण आलं की आधी मागे वळून पुस्तकांना सांगतो, "सांभाळा रे", आणि मग हॉर्न वाजवतो. खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, मग मी स्वतः बसलो मागे, आणि त्यानं "सांभाळा रे" म्हटल्याबरोबर दोन शब्दकोश एकमेकांना धरून बसलेले मी या डोळ्यांनी पाहिले.

तर वरच्या कार्यालयातून पत्र आलं. 'लाभार्थी नगण्य.' वार्षिक तपासणीपर्यंत वाचक वाढले नाहीत तर गाडी सफाई विभागाकडे जाणार, फिनेलचे कॅन वाहायला, आणि गाडीबरोबर ड्रायव्हरदादाही. दादा काही बोलला नाही, तो खरोखरच कमी बोलणारा, त्यानं नुसती गाडीची काच पुसायला घेतली, आणि काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

आमच्या ओंजळभर वाचकांत एक मास्तरीणबाई आहेत. निवृत्त. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना बंद. बाई फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचतात, आणि पुस्तक परत देताना शेरा मारून देतात, "दादा, या वेळचा खुनी मला मधल्यातच सापडला. जरा हुशार खुनी आणत जा." त्यांना दादानं गाडीचं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्ही मला फिनेल आणून देणार?" आणि मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तोवर जरा जाड पुस्तकं आणा. पुरवून वाचीन."

दादानं हे मला चहाच्या टेबलावर सांगितलं आणि माझा चहा तसाच राहिला. तुम्हाला सांगतो, मला चहा सोडून उठताना आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

अशात आमचे ग्रंथपालसाहेब कुठलीशी कार्यशाळा करून आले. माणूस कार्यशाळेला जाताना बरा असतो हो, परत येताना त्याच्यात काहीतरी शिरलेलं असतं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "लोक वाचत नाहीत, लोक बघतात. आपण व्हिडिओ करायचा. इन-हाउस." इन-हाउस म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो. इन-हाउस म्हणजे बाहेरचा माणूस नाही, आतल्या माणसाला येत नाही, आणि काम मात्र झालं पाहिजे. साहेब म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर कोण बोलेल?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का? मी काय बोलतो? पण मी काही बोललो नाही.

कॅमेरा आमच्या बाइंडरमामांचा मोबाइल. मामांचा हात स्थिर, पण मोबाइल धरायला तिकाटणं हवं, ते कुठून आणणार? तर मामांनी बाइंडिंगचा शिकंजा आणला, तो लाकडी, ज्यात शिवलेली पुस्तकं दाबून ठेवतात, आणि त्यात मोबाइल उभा आवळला. छान बसला. फक्त मामांना सवय अशी की शिकंज्याजवळून जाता-येता स्क्रू एकेक पीळ घट्ट करायचा. पुस्तकं अशीच दाबतात ना, सावकाश. ते करत राहिले. शूटिंग संपलं तेव्हा मोबाइल इतका पातळ झाला होता की मामांनी तो खिशात ठेवण्याऐवजी पाकिटात, ओळखपत्राच्या कप्प्यात ठेवला. पण ते पुढं.

पहिला दिवस वाचनकक्षात. साहेबांनी मला भाषण लिहून दिलं होतं. "सदर सेवेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी विहित नमुन्यात…" आता हे वाक्य माणसानं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि वाचनकक्ष म्हणजे भिंतीभर 'शांतता राखा'. इतकी वर्षं तिथं वावरल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. साहेब कुजबुजले, "ॲक्शन." मी कुजबुजलो, "सदर सेवेचा…" साहेब कुजबुजले, "मोठ्यानं." मी कुजबुजलो, "हेच मोठं आहे." मग जरा आवाज चढवला, तर पहिल्या खुर्चीवरचे पेपरवाले आजोबा, जे रोज सगळे पेपर जाहिरातींसकट वाचतात, त्यांनी मान न वळवता केलं, "शू…" त्यांचं बघून अभ्यासाला बसलेल्या मुलींनी केलं, "शू…" आणि साहेबांनी सवयीनं, कॅमेऱ्यामागून, "शू…" संध्याकाळी बघितलं तर पडद्यावर माझे ओठ हलतायत आणि आवाज येतोय तो मोठ्या ट्रकचं चाक पंक्चर झाल्याचा. साहेब म्हणाले, "यानं कोण येईल?" मामा म्हणाले, "पंक्चरवाला."

म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीत. मी मागे पुस्तकांच्या मध्ये स्टुलावर, समोर शिकंजा, शिकंज्यामागे मामा, मामांमागे साहेब अर्धे मुडपून, आणि दादा गाडी चालवतोय. म्हटलं, गाडी उभी ठेव ना बाबा. तर म्हणाला, "उभी राहिली की पुस्तकं पेंगतात." मी सुरू केलं, "सदर सेवेचा लाभ…" आणि आलं वळण. दादानं पुस्तकांना सांगितलं, मला सांगायचं राहिलं. वरच्या फळीवरनं ज्ञानकोशाचा एक खंड माझ्या डोक्यात आला, आणि साहेबांचं भाषण जे गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. ज्ञान डोक्यात शिरलं की माहिती बाहेर पडते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता कॅमेरा चालू, साहेब हातवारे करतायत, बोला, बोला. काय बोलणार? मी जे आठवलं ते सांगत सुटलो. लोक पुस्तकात खूण म्हणून काय काय ठेवतात ते. कंगवा, एक्स-रे, लग्नाची पत्रिका, आणि एका गृहस्थांनी ठेवली होती आपली कवळी. वाचता वाचता झोप आली, हाताला लागली ती वस्तू पानात घातली, पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सुनेनं पुस्तक परत केलं, मी जमा करून घेतलं, जरा जाड वाटलं, पण म्हटलं कादंबरीच तशी असेल. इकडे गृहस्थ घरभर शोधतायत, बोलता येत नाही, खाता येत नाही, नुसत्या सूपवर. शेवटी ते पुस्तक ज्यानं पुढं नेलं तो धावत आला, "अहो, या कादंबरीला दात आहेत." मी ती कवळी रुमालात घेतली, पुस्तकगाडीत बसलो आणि थेट त्यांच्या दारात. त्यांनी दार उघडलं, रुमाल पाहिला, आणि असे हसले, असे हसले, की हसू आधी पोचलं आणि दात मागाहून बसले. आणि हे सांगून मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "आम्ही दात घरपोच देतो, तर पुस्तक का नाही देणार?"

बघतो तर साहेबांनी तोंडात रुमाल कोंबलेला, डोळ्यांत पाणी, आणि मामा हसता हसता स्क्रू पिळतायत. झाला व्हिडिओ. साहेब म्हणाले, "याला हात लावायचा नाही. असाच जाऊ दे." मामांच्या मोबाइलनं शेवटचा श्वास घेण्याआधी तो एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि साहेबांनी वर चिठ्ठी लावली, 'नियमानुसार प्रसिद्ध करावे.'

नियमानुसार. हा शब्द आमच्याकडे लिहिताना माणसानं दहादा विचार करावा, कारण आमच्याकडे नोंदबाई आहेत.

नोंदबाई म्हणजे आमच्या वर्गीकरणाच्या मुख्य. इमारतीत आलेली वस्तू नोंदल्याशिवाय त्या तिला अस्तित्वात आहे असं मानत नाहीत. खुर्चीला क्रमांक, घड्याळाला क्रमांक. कुणीतरी विसरून गेलेली छत्री, तिला क्रमांक दिला, वर्षभरानं मालक न्यायला आला तर त्याला आधी सभासद व्हावं लागलं. मागच्या दारी येणाऱ्या मांजरीलाही क्रमांक आहे, आणि ती व्याली तेव्हा पिल्लांना खंड एक ते चार म्हणून दाखल केलं. यावर मी काही बोललो नाही.

तर व्हिडिओ बाईंकडे गेला आणि आम्ही वाट बघायला लागलो. आता फोन येईल, मग फोन येईल. दादा रोज गाडी पुसून तयार. एक फोन नाही. तपासणी जवळ येत चाललेली, मास्तरीणबाईंचं जाड पुस्तक अर्ध्यावर आलेलं, आणि लोकांना एवढी कवळी सांगूनही शहर ढिम्म. मला तर वाटलं, आपण आता पूर्वीसारखे राहिलो नाही, आपल्या गोष्टीत राम राहिला नाही. दोन दिवस मी घरी गप्प होतो. बायकोनं डॉक्टरांना फोन केला.

शेवटी गेलो नोंदबाईंकडे. म्हटलं, "बाई, आपला व्हिडिओ कुठंय?"

"जागेवर."

"जागेवर म्हणजे?"

"दुसरा मजला, संदर्भ विभाग, काचेचं कपाट. कुलूप आहे, काळजी करू नका."

"अहो पण लोकांना दिसणार कसा?"

"का नाही दिसणार? कुणीही यावं, सही करावी, टीव्हीसमोर बसून बघावा. फक्त बाहेर नेण्यास मनाई. एकच प्रत आहे."

मी म्हटलं, "बाई, तो इंटरनेटवर टाकायचा होता." त्यांनी चष्मा खाली घेतला. "इंटरनेटवरून परत कधी येणार? परतीची तारीख काय? पान फाटलं तर कोण जबाबदार? जी वस्तू परत येणार आहे तीच मी बाहेर सोडते." आता याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे असेल तर सांगा, मी तेव्हापासून शोधतोय.

म्हणजे बघा हं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना 'तुम्हाला बाहेर पडायची गरज नाही' हे सांगणारा व्हिडिओ, तो बघायला त्यांनी बाहेर पडायचं, दोन जिने चढायचे आणि सही करायची. इतक्या दिवसांत तो बघितला होता फक्त पेपरवाल्या आजोबांनी, आणि अभिप्राय लिहिला होता, 'व्हिडिओत फार बोलतात.'

साहेबांकडे गेलो. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण संदर्भ विभागातली वस्तू बाहेर काढायची तर समितीचा ठराव हवा, समिती बसणार तपासणीनंतर, आणि मूळ मोबाइल तर मामांच्या पाकिटात चपटा. मग कॅमेरा काढून पुन्हा नवीन करू म्हणाल तर साहेब म्हणाले, "तो ज्ञानकोश तसाच पुन्हा पडेल का?" तेही खरंच.

आणि तेव्हा, चहाच्या टेबलावर, दादा बोलला. नोंदबाईंशी, पहिल्यांदाच. म्हणाला, "बाई, एक विचारू का? आपली गाडी म्हणजे काय? वाहन की शाखा?"

नोंदबाईंनी बिस्कीट बशीत ठेवलं. "शाखा," म्हणाल्या. "फिरती शाखा. तिचा शिक्का वेगळा आहे."

"मग वरच्या कपाटातली वस्तू एका शाखेतून दुसऱ्या शाखेत…"

"नेता येते की. रीतसर नेता येते." तुम्हाला सांगतो, बाईंचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्यांना मागणी घातली. "फक्त सोबत जबाबदार कर्मचारी पाहिजे." मग सगळ्यांनी जबाबदार माणूस शोधला, कुणी सापडेना, म्हणून मला पाठवलं.

पहिलाच मुक्काम मास्तरीणबाईंचा. वाचनालयाचा टीव्ही मी आणि दादानं तिसऱ्या मजल्यावर चढवला, तो चढवताना प्रत्येक मजल्यावर दारं उघडली, "काय आलं, काय आलं," आणि वर पोचेपर्यंत आमच्यामागे वरात. खालचे प्लास्टरवाले काका, पाय मोडलेले, त्यांना दोन मुलांनी खुर्चीसकट वर आणलं. शेजारच्या वहिनी कडेवर बाळ घेऊन. समोरचे शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून. मास्तरीणबाई पलंगावर उशीला टेकून, मांडीवर ते जाड पुस्तक, थोडीच पानं राहिलेली. त्या सगळ्यांना म्हणाल्या, "बसा रे शांत, कुणी बोलायचं नाही." शिंपी त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, तो लगेच हाताची घडी घालून बसला.

मी डबी उघडली. डबीत पेनड्राइव्ह. आणि पेनड्राइव्हवर नोंदबाईंनी आज शाखाबदलाचं नवं लेबल चिकटवलेलं, क्रमांक, शिक्का, वरून पारदर्शक टेप. कुठं चिकटवलेलं? जे टोक टीव्हीत जातं त्याच्यावरूनच. चारही बाजूंनी. पुस्तकाच्या कण्यावर लावतात तसं, नीट, सरळ, एक सुरकुती नाही. आता लेबल फाडावं? अहो, आमच्याकडे माणसानं पुस्तक हरवलं तर दंड आहे, पण लेबल फाडणाऱ्याला नोंदबाई काय करतात हे सांगायला अजून कुणी परत आलेला नाही.

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. सगळं घर बंद टीव्हीकडे बघतंय. मास्तरीणबाई म्हणाल्या, "काय झालं? व्हिडिओत काय होतं ते तोंडानं सांगता येत नाही का?"

मी म्हटलं, "मी तसा कमी बोलणारा…" आणि दादा हसला. एवढ्या वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

मग काय, केला व्हिडिओ. तोंडानं. गाडीचं इंजिन केलं, "सांभाळा रे" केलं, वळण केलं, ज्ञानकोश पडला, पेपरवाल्या आजोबांचं "शू…" केलं तर वहिनींचं बाळही शू करायला लागलं, आणि मग कवळी. कवळीला शिंपी हाताची घडी विसरला. प्लास्टरवाले काका म्हणाले, "मग ते दात नीट बसले का हो?" म्हटलं, "बसले, पण तेव्हापासून त्यांना आपोआप कादंबरीची भाषा येते." मास्तरीणबाई इतक्या हसल्या की खुब्यावर हात दाबून म्हणाल्या, "पुरे रे, शिवण उसवेल." आणि मी शेवटचं म्हटलं, आम्ही दात घरपोच देतो, वगैरे. तर प्लास्टरवाल्या काकांनी लगेच हात वर केला, "मला पण पाहिजे, प्रवासवर्णनं आहेत का?" वहिनी म्हणाल्या, माझ्या सासूबाईंचं नाव घ्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीतून कुणीतरी ओरडलं, "इकडे कधी येणार?" तपासणीपर्यंत आम्ही असे हिंडलो की टीव्ही मी दुसऱ्या दिवसापासून नेलाच नाही, पेनड्राइव्ह मात्र रोज नेला आणि रोज परत केला. नोंदबाई रोज विचारायच्या, "व्हिडिओ दाखवलात?" मी म्हणायचो, "दाखवला." "लेबल शाबूत?" "शाबूत." खूश.

तपासणीचे अधिकारी आले, त्यांना गाडीत चढायला जागा मिळेना, एवढी पुस्तकं लावलेली. गाडी राहिली. दादा राहिला. मास्तरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या जाड पुस्तक परत देत म्हणाल्या, "हं. आता पातळ आणलंत तरी चालेल."

इथं थांबलं असतं तर मी कशाला कुरकुर केली असती? पण वाचकांचे फोन सुरू झाले. पुस्तकासाठी नाही हो. "तो कवळीवाला माणूस पाठवा." "मागच्या वेळी अर्धं राहिलं." आणि फोन जातात नोंदबाईंकडे, आणि जी वस्तू नोंदलेली नाही ती बाई देत नाहीत. तेव्हा काय करायचं? मला दाखल करून घेतलं. रीतसर. विभाग कुठला यावर सभा झाली. साहेब म्हणाले, दृकश्राव्य. दादा म्हणाला, "कल्पित कथा." बाइंडरमामांनी मला मागून-पुढून पाहिलं, पाठीवर थाप मारून म्हणाले, "शिवण सैल आहे, पण अजून चालेल." क्रमांक माझ्या ओळखपत्रावर चिकटवलाय, हा बघा, वरून टेप. देवघेव एका संध्याकाळपुरती, मागणी नसेल तर एकदा नूतनीकरण. गुरुवारी मी मास्तरीणबाईंकडे, शुक्रवारी प्लास्टरवाल्या काकांकडे, पाय कधीच बरा झालाय त्यांचा, पण सांगत नाहीत.

म्हटलं, निदान रविवार तरी मोकळा. तर परवा रविवारचीही मागणी आली. नोंदबाई नियमाच्या पक्क्या, घरच्यांची हरकत नको म्हणून त्यांनी माझ्यादेखत आमच्या घरी फोन लावला, "वहिनी, हे रविवारी बाहेर दिले तर चालतील ना? तुम्हाला स्वतःला लागणार असतील तर तुमचा हक्क पहिला."

मी कान देऊन उभा. म्हटलं, आता ही म्हणेल, एवढा एक वार तरी माणूस घरात राहू द्या.

पलीकडून बायको म्हणाली, "न्या हो खुशाल. माझं केव्हाच वाचून झालंय."

मी काही बोललो नाही.